उग्र गंधाचा निवाडा

ईव्ह सँ लोराँ या फ्रेंच घराण्याने १९८१ मध्ये पुरुषांसाठी ‘कुरोस’ नावाचे सुगंधी द्रव्य बाजारात आणले. पियेर बुर्दों या गंधकाराने ते बांधले. नाव घेतले प्राचीन ग्रीसमधल्या तरुणांच्या नग्न संगमरवरी पुतळ्यांवरून. त्यांतले बरेच पुतळे अपोलोच्या देवस्थानांत वाहिलेले होते. बाटली पांढरीशुभ्र असली तरी आतला वास तसा सोवळा नाही. आरंभी बर्गमॉट, धने आणि दवण्याच्या जातकुळीतली आर्टेमिसिया. मग लवंगेच्या अंगाने जाणारे कार्नेशन आणि दालचिनी. तळाशी मध, कातडे, ओकमॉस आणि जवादी मांजराची आठवण देणारा प्राणिज दर्प. एकाला हा वास नुकत्याच न्हालेल्या, धुतलेला सदरा घातलेल्या पुरुषाचा वाटतो; दुसऱ्याला तोच सार्वजनिक मुतारीचा वाटतो. चार दशके उलटली तरी हा वाद मिटलेला नाही.

‘आवड ज्याची त्याची’ म्हटले की वाद मिटल्यासारखा वाटतो. पण ही पळवाट आहे. भारतीय दर्शनांनी गंधाचा विचार बारकाईने केला आणि बरे-वाईट ठरवण्याचा प्रश्न आवडीवर ढकलून दिला नाही. त्या विचाराची पुष्कळशी साधने पुण्यात जपली, संपादली आणि छापली गेली. त्यामुळे परदेशी बाटलीतल्या या उग्र वासाचा निवाडा पुण्याच्या ग्रंथालयात बसून करता येतो, आणि तो करण्यासारखा आहे.

पहिला प्रश्न असा की सुगंधीपणा राहतो कुठे? वस्तूत, नाकात, की वास घेणाऱ्याच्या मनात? संस्कृत शिकणाऱ्या कित्येक पिढ्यांनी याचे उत्तर अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त वाचले. सतराव्या शतकातल्या या छोट्या ग्रंथाची य. वा. आठल्ये यांनी संपादलेली आवृत्ती म. रा. बोडस यांच्या प्रस्तावनेसह १८९७ मध्ये निघाली आणि पुढे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने ती पुन्हा छापली. न्याय-वैशेषिकांच्या मते गंध हा गुण आहे, तो पृथ्वी या एकाच द्रव्यात राहतो आणि त्याचे प्रकार दोन: सुरभी आणि असुरभी. पाण्याला वास आला तर तो त्यात मिसळलेल्या पार्थिव कणांचा, वाऱ्याला आला तरी तसाच. यावर आक्षेप निघाला की दगडही पार्थिवच, मग त्याला वास का नाही? ‘सिद्धान्तमुक्तावली’कार विश्वनाथ सांगतात की दगडाला वास आहेच, पण तो अनुत्कट आहे, दगड जाळून त्याचे भस्म केले की कळतो. वास असणे वेगळे आणि वास जाणवणे वेगळे, हा भेद इथे झाला.

याच मांडणीत आणखी एक भेद दडलेला आहे. सुरभी असणे हा गंधाचा प्रकार आहे, म्हणजे तो वस्तूच्या बाजूला आहे. सुख हा मात्र आत्म्याचा गुण आहे. त्यामुळे ‘हा गंध सुरभी आहे, पण मला त्याने सुख होत नाही’ हे विधान नैयायिकाच्या दृष्टीने पूर्णपणे सुसंगत ठरते. कुरोसला नावे ठेवणाऱ्याने निदान एवढे स्पष्ट करायला हवे की तो बाटलीविषयी बोलतो आहे की स्वतःविषयी. बहुतेक जण दोन्ही एका वाक्यात उरकतात.

तरीही न्यायाची ही चौकट कुरोसला अपुरी पडते. ‘तर्कसंग्रहा’त रंगाचे सात प्रकार आहेत आणि त्यांत ‘चित्र’ म्हणजे संमिश्र रंगाला स्वतंत्र जागा आहे. गंधाच्या दोन प्रकारांत मात्र संमिश्र गंधाला जागा नाही. ज्या मिश्रणात मध आणि मूत्र, साबण आणि कातडे एकाच श्वासात येतात त्याला सुरभी म्हणावे की असुरभी, हे शास्त्र सांगू शकत नाही. जैनांच्या पुद्गलविचारातही गंध दोनच.

बौद्ध आचार्य वसुबंधूचा ‘अभिधर्मकोश’ इथे उपयोगी पडतो. त्याने गंध चार मानले. सुगंध आणि दुर्गंध हे दोन तर आहेतच, शिवाय प्रत्येकाचे सम आणि विषम असे पोटभेद आहेत. सम म्हणजे प्रमाणात असलेला, विषम म्हणजे प्रमाण सोडलेला. जात आणि मात्रा या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या की उग्रपणा हा दुर्गंधाचा भाऊबंद राहत नाही. उत्तम सुगंधही विषम असू शकतो.

रसायनशास्त्राने या भेदाला अनपेक्षित आधार दिला आहे. मोगऱ्याच्या वासात इंडोल नावाचे संयुग असते, आणि तेच विष्ठेतही असते. किंचित इंडोल मोगऱ्याला त्याचा मांसल गोडवा देते. प्रमाण वाढले की डोके धरते. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून चैत्र-वैशाखात मोगरा शहरभर जातो. अंबाड्यावरच्या गजऱ्याने प्रसन्न होणारा माणूस पाटीभर उमललेल्या मोगऱ्याशेजारी, दारे-खिडक्या लावलेल्या खोलीत रात्र काढू शकणार नाही. फूल तेच, संयुग तेच, फरक पडला मात्रेचा. कुरोसमधला प्राणिज दर्पही याच जातीचा आहे: तो तळाशी राहिला तर वरच्या मसाल्याला आणि मधाला अंग देतो, आणि हात सैल सोडून चार फवारे मारले तर एकटाच पुढे येतो.

ही गोष्ट प्राचीन गंधकारांना चांगली ठाऊक होती. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त सहाव्या शतकातला गंधयुक्तीचा अध्याय आहे. त्यातल्या एका योजनेत सोळा द्रव्ये आहेत. नागरमोथा, दगडफूल, कापूर, अगुरू, दवणा, तगर, धने, कचोरा आणि चंदन ही त्यांतली काही. सोळांतून चार निवडली तर १८२० जुळण्या होतात, आणि प्रमाणे बदलत गेले की त्यांतून गंधांचा समुद्र तयार होतो. पुण्याच्या घरात ही यादी आजही विखुरलेली सापडते: नागरमोथा आणि कचोरा दिवाळीच्या उटण्यात, दगडफूल आणि धने गोड्या मसाल्याच्या डब्यात, कापूर आणि चंदन देवघरात. युरोपीय गंधकारांचे ओकमॉस हेही दगडफुलाच्याच कुळातले शैवाक आहे. पुरुषी म्हणून मिरवणाऱ्या त्या परदेशी वासाचा पाया असा ब्राह्मणी आमटीच्या वासापासून फार लांब नाही.

भांडारकर संस्थेचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी संस्थेच्या संग्रहातल्या एका हस्तलिखितातून गंधशास्त्रावरचे दोन ग्रंथ उजेडात आणले. एक गंगाधराचा ‘गंधसार’, दुसरा ‘गंधवाद’. दुसऱ्यावर जुनी मराठी टीका आहे. म्हणजे अत्तरे, धूप आणि उटणी कशी करावीत याची शास्त्रीय चर्चा मराठीत कित्येक शतकांपूर्वी होत होती. ‘गंधसारा’त भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन अशा सहा क्रिया सांगितल्या आहेत. त्यांतला वेध इथे महत्त्वाचा आहे. तयार मिश्रणात कस्तुरीसारखे तीव्र द्रव्य अगदी थोडे घालायचे, म्हणजे ते इतर गंधांना भेदून जाते आणि मिश्रणाला धार येते. उग्र द्रव्य हे असे साधन आहे. ते चुकले की नाही हे वेध कितपत साधला यावर ठरते. कुरोसचा बुर्दों हा या अर्थाने वेध जाणणारा गंधकार होता, असे म्हणायला हरकत नाही.

गंगाधराने गंधशास्त्राचे प्रयोजन सांगताना देवपूजा, धनप्राप्ती आणि कामसुख ही तिन्ही एकाच दमात घेतली आहेत. आधुनिक वाचकाला हे चमत्कारिक वाटते. देवाला वाहायचे ते आणि स्त्रीला भुलवायचे ते एकाच कपाटात कसे? धर्म, अर्थ आणि काम या त्रिवर्गाच्या विचारात त्याचे उत्तर आहे: द्रव्य एकच राहते, त्याचा अधिकारी आणि प्रसंग बदलतो.

धर्मशास्त्राने हा अधिकार काटेकोर आखला. ब्रह्मचाऱ्याला मध, मांस आणि माळा यांच्याबरोबर गंधही वर्ज्य. विद्या पूर्ण झाल्यावर समावर्तनाच्या वेळी त्याला सुगंधी द्रव्यांनी न्हाऊ घालायचे, आणि तेव्हापासून गृहस्थाला गंध मोकळा. संन्याशाला पुन्हा बंद. पां. वा. काणे यांच्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या भांडारकर संस्थेने १९३० ते १९६२ या काळात प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या विधिनिषेधांचा अफाट पसारा मांडलेला आहे. विधवेवरही हाच निषेध लादला गेला, आणि तिथे मात्र आश्रमाचे कारण पुढे करून अन्याय झाला हे स्पष्ट सांगायला हवे. ब्रह्मचारी काही वर्षांनी गंधाकडे परतत असे; तिला परतीची वाट ठेवलेली नव्हती. बौद्धांच्या अष्टशीलातही माळा, गंध आणि विलेपन टाळण्याचे शील आहे, पण ते स्वतः घेतलेले आणि ठरावीक दिवसांपुरते असते. या सगळ्या नियमांत कुठेही सुगंध वाईट म्हटलेला नाही.

पूजेत तर गंध हा पंचोपचारांतला पहिला उपचार आहे. फूल, धूप, दीप आणि नैवेद्य त्यानंतर. सहाणेवर पाण्याचे चार थेंब टाकून खोड गोल फिरवत उगाळायचे, दाट पिवळसर लेप जमला की अनामिकेने देवाच्या कपाळी लावायचा. हा वास फेकला जात नाही. जवळ जावे तेव्हा कळतो. आळंदीला ज्ञानेश्वरांच्या समाधीला आणि पंढरपूरला विठ्ठलाला उन्हाळ्यात चंदनाची उटी लावतात, तीही थंडाव्यासाठी. फुलांबाबत नियम आणखी कडक आहे: देवाला वाहायचे फूल आधी हुंगायचे नाही, हुंगलेले फूल उष्टे. दुकानात कागदी पट्टीवर फवारा मारून दहा वास हुंगणारा ग्राहक आणि परडीतले फूल नाकाजवळही न नेणारी आजी ही दोघे एकाच पेठेत राहू शकतात, पण वास घेणे म्हणजे भोगणे हे दुसरीला जितके स्पष्ट आहे तितके पहिल्याला नसते.

हाच विचार ‘संयुत्त निकाया’तल्या एका प्रसंगात टोकाला गेला आहे. कोसलच्या वनात राहणारा एक भिक्खू भिक्षेहून आल्यावर तळ्यात उतरून कमळ हुंगत असे. वनदेवतेने त्याला गंधचोर म्हटले. भिक्खूचा प्रतिवाद बिनतोड होता: लोक कमळे उपटतात, देठ तोडतात, त्यांना कोणी बोलत नाही, आणि त्याने तर फूल तोडलेही नाही. देवतेने उत्तर दिले की त्या लोकांशी तिला बोलायचेच नाही. जो शुद्धीच्या मागे आहे त्याला केसाच्या टोकाएवढा दोषही ढगाएवढा दिसला पाहिजे. प्रतिवाद देवतेने खोडला नाही. निकष माणसागणिक बदलतो एवढेच तिने सांगितले, आणि भिक्खूने ते मानले.

इस्लाममध्ये सुगंधाला मान आहे. शुक्रवारच्या नमाजाआधी स्नान करून सुगंध लावणे चांगले मानतात. रमझानच्या दिवसांत पुण्याच्या लष्कर भागात आणि कोंढव्याच्या कौसरबागेत अत्तराची खरेदी वाढते. तिथे कुरोसपुढे वेगळाच प्रश्न उभा राहतो: फवाऱ्याची सुगंधी द्रव्ये अल्कोहोलात विरघळवलेली असतात. हनफी परंपरेतले अनेक विद्वान द्राक्ष-खजुरापासून न काढलेला अल्कोहोल नापाक धरत नाहीत. काही जण तो टाळणेच बरे म्हणतात. तेलाच्या पायावरच्या अत्तराला ही अडचण नाही. इथे वासाच्या गुणाला काहीच महत्त्व उरत नाही, विचार होतो वाहक द्रव्याचा.

वाहकाप्रमाणे उगमाचाही प्रश्न आहे. कस्तुरी नर कस्तुरीमृगाच्या ग्रंथीतून येते आणि ती काढण्यासाठी मृगाची शिकार होत आली. जवादीसाठी मांजर पिंजऱ्यात कोंडून त्याचा स्राव खरवडून काढतात. कस्तुरीचा टिळा लावलेल्या देवाची स्तुती करणारी परंपराच अहिंसेचाही पुरस्कार करते, ही विसंगती जुनी आहे आणि तिच्याकडे बहुधा काणाडोळाच झाला. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने कस्तुरीमृगाला संरक्षण मिळाले. त्याआधीच पुण्यात पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एस. सी. भट्टाचार्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाखेतून मिळणाऱ्या अ‍ॅल्युरिटिक आम्लापासून कस्तुरीच्या जातीचा वास देणारी मोठ्या वलयाची संयुगे तयार करण्यावर काम केले होते. नैयायिकाला अशी संयुगे मान्य व्हायला अडचण नाही, कारण गंध पार्थिव कणांचा गुण असेल तर तो मृगाच्या नाभीतून आला की काचेच्या चंबूतून, याने गुणाची जात बदलत नाही. हिंसेचा दोष क्रियेला लागतो, गंधाला नाही.

गंध स्वतः निर्दोष असतो, हे मत सगळ्यांत ठामपणे शंकराचार्यांनी मांडले. गीतेच्या सातव्या अध्यायात कृष्ण स्वतःला पृथ्वीतला पुण्यगंध म्हणवतो. त्यावरच्या भाष्यात आचार्य म्हणतात की गंधाचे पुण्यत्व स्वाभाविक आहे. अपुण्यत्व येते ते संसारी जीवांच्या अविद्येमुळे, अधर्मामुळे आणि विशिष्ट भूतांच्या संसर्गाने. थोडक्यात, दुर्गंध हा पाहणाऱ्या, म्हणजे हुंगणाऱ्या, जीवाच्या अपेक्षेने आहे. २००७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापून आलेल्या एका संशोधनाने अँड्रोस्टेनोन या घामातल्या संयुगाविषयी असे दाखवले की एका ग्राहक जनुकाच्या फरकामुळे काहींना ते मुतासारखे घाणेरडे वाटते, काहींना गोडसर, काहींना त्याचा वासच येत नाही. शंकराचार्यांना जनुके अभिप्रेत नव्हती हे उघड आहे, आणि जुन्या भाष्यात नवे विज्ञान शोधण्याच्या हौसेला इथे थारा देऊ नये. पण दुर्गंध हा संबंधातून उपजतो, हा मुद्दा दोन्हीकडे आहे.

मग कुरोसकडे कलाकृती म्हणून पाहता येते का? भरताच्या नाट्यशास्त्रात जुगुप्सा हा स्थायी भाव आहे आणि त्यातून बीभत्स रस होतो. अप्रिय गोष्ट रंगभूमीवर आस्वाद्य बनते. पण रंगभूमीवर घाण दाखवलेली असते, प्रेक्षकाच्या नाकात जात नाही. कुरोसमधला दर्प दाखवलेला नसतो, तो खरोखर तिथे असतो. म्हणून बीभत्सरसाचा आधार इथे पुरा पडत नाही. त्यापेक्षा बा. सी. मर्ढेकरांची ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मधली मांडणी जवळची आहे. त्यांनी इंद्रियसंवेदनांची रचना संवाद, विरोध आणि समतोल या लयींनी तपासली. ती मोजपट्टी लावली तर कुरोस हा विरोधलयीचा धीट नमुना ठरतो: साबणाची स्वच्छता आणि अंगाचा दर्प एकमेकांना ताणून धरतात, आणि मधाचा गोडवा त्यांना तुटू देत नाही. रचना म्हणून तो उत्तम आहे, असे या निकषावर निःशंकपणे म्हणता येते.

रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त (१९७४) सौंदर्यविचाराला दोन ध्रुव असल्याचे दाखवले: एक कलाकृतीला स्वायत्त मानणारा, दुसरा तिला लौकिक जीवनाशी जोडणारा. सुगंधी द्रव्य तर दुसऱ्या ध्रुवाकडे ओढ घेतेच, कारण ते अंगावर घालून माणसांत वावरायचे असते. तत्त्वज्ञ कांटने १७९० मध्ये नेमकी हीच तक्रार केली होती: सुगंधी रुमाल खिशातून काढणारा माणूस आसपासच्या सगळ्यांना त्यांच्या मर्जीविरुद्ध वास घ्यायला लावतो. डोळे मिटता येतात, श्वास थांबवता येत नाही. पुण्याची जुनी चाल इथे शहाणपणाची होती. लग्नात आणि पानसुपारीला अत्तर यजमान स्वतः पाहुण्याच्या मनगटावर लावत असे, तेही हात पुढे केला तरच. शौकिनाचा फाया कानाच्या पाळीत असे आणि तो फार तर शेजारच्याला कळे. हिंजवडीच्या बारा मजली इमारतीतल्या लिफ्टमध्ये, एप्रिलच्या सकाळी, कुरोसचे चार फवारे मारून चढलेला माणूस वसुबंधूच्या भाषेत विषम गंध घेऊन आलेला असतो. रचनेला दिलेले गुण तिथे कामाला येत नाहीत.

शेवटचा प्रश्न ओळख पटवण्याचा आहे: निवाडा नक्की कोणत्या कुरोसचा? २००८ मध्ये ईव्ह सँ लोराँचा सुगंधी द्रव्यांचा व्यवसाय लॉरेआल समूहाकडे गेला. ओकमॉसवर सुरक्षेच्या कारणाने आधीपासून मर्यादा येत होत्या. युरोपीय संघाने २०१७ च्या नियमाने त्यातल्या अ‍ॅट्रॅनॉल आणि क्लोरोअ‍ॅट्रॅनॉल या त्वचेला बाधणाऱ्या घटकांवर बंदी घातली. जुन्या बाटल्या जपणारे जाणकार नव्या कुरोसला सौम्य म्हणतात. नाव तेच, काच तीच, वास बदललेला. न्याय आणि वैशेषिक या भावंडांत असाच एक वाद आहे. कच्चे मडके भट्टीत भाजले की त्याचा रंग आणि गंध बदलतो. वैशेषिक म्हणतात की मडके परमाणूंपर्यंत सुटते, परमाणूंचे गुण बदलतात आणि त्यांतून नवे मडके घडते, हा पीलुपाकवाद. नैयायिक म्हणतात की मडके तेच राहते आणि अख्ख्या मडक्यात गुण बदलतो, हा पिठरपाकवाद. कुरोसच्या बाबतीत पिठरपाकाचा आधार घेता येत नाही, कारण इथे उष्णतेने गुण पालटले नाहीत, घटकच काढून दुसरे घातले. १९८१ ची बाटली आणि आजची बाटली ही दोन द्रव्ये आहेत आणि त्यांच्यावरची मते एकमेकांना खोडत नाहीत.

अत्तराच्या पेटीतही हाच पेच आहे. पूर्वी गुलाब, केवडा, मोगरा चंदनतेलाच्या पायावर ऊर्ध्वपातनाने उतरवत. चंदन महागल्यावर त्या पायाच्या जागी बऱ्याच ठिकाणी पॅराफिन किंवा तत्सम द्रावक आले, लेबल मात्र तेच राहिले. चंदनाच्या पायावरचा गुलाब मनगटावर तासातासाने रूप बदलतो. पॅराफिनवरचा गुलाब पहिल्या पाच मिनिटांत जेवढा असतो तेवढाच राहतो आणि मग विझतो. त्यामुळे गुलाबाच्या अत्तराविषयी मत देण्याआधी पाया कशाचा आहे हे विचारावे लागते, आणि कुरोसविषयी देण्याआधी बाटली कोणत्या वर्षाची.